यंत्र विकणारे पुष्कळ, दुरुस्तीला येणारे किती? नागपुरातल्या लॅब-वितरकांचा आढावा

नागपुरात लॅबची यंत्रं विकणाऱ्यांची वानवा नाही. वर्धा रोडच्या बाजूला पर्यावरण संशोधन करणारी नीरी, कापूस संशोधन संस्था आणि मिहानमधलं एम्स. अमरावती रोडला विद्यापीठाचा परिसर, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था. शहरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, बाहेर हिंगणा-बुटीबोरीतल्या कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅब. एवढं गिऱ्हाईक असल्यावर पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या यंत्राचं) कोटेशन मागितलं की संध्याकाळपर्यंत तीन मेल येऊन पडतात. खरी परीक्षा वॉरंटी संपली की सुरू होते, म्हणून इथे विक्री बाजूला ठेवून फक्त सर्व्हिस तोलली आहे. नावं घेतलेली नाहीत, कारण इथे एजन्सी दोन-तीन वर्षांत या हातातून त्या हातात जाते. प्रकार मात्र तेच राहतात.

पहिला प्रकार थेट प्रिन्सिपलचा, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. विक्री आणि सर्व्हिस दोन्ही त्यांचीच, पण इंजिनिअर बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादला बसलेला. माणूस येतो तेव्हा काम चोख होतं: त्याच मॉडेलचं ट्रेनिंग, सर्व्हिस सॉफ्टवेअरचं लायसन्स, कॅलिब्रेटेड प्रोब, सगळं बरोबर. अडचण येण्याचीच. एका कॉलसाठी तो निघत नाही, विदर्भातले तीन-चार कॉल साचायची वाट बघतो. सीक्वेन्सर, फ्लो सायटोमीटर, मास स्पेक यांसारख्या गुंतागुंतीच्या यंत्रांना दुसरा पर्याय नाही, तिथे हीच सर्व्हिस घ्यावी आणि थांबायची तयारी ठेवावी.

दुसरा प्रकार अधिकृत वितरकाचा. शहरात ऑफिस, दोन-तीन इंजिनिअर आणि डोक्यावर पाच-सात ब्रँड. नागपूरच्या बहुतेक लॅबचा गाडा हेच ओढतात आणि तफावतही यांच्यातच सर्वांत जास्त. चांगला असेल तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात असतो. वाईट असेल तर येणारा इंजिनिअर मागच्या वर्षी सेल्समध्ये होता आणि यंत्राचं झाकण उघडण्याआधी प्रिन्सिपलच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावतो. तिसरे म्हणजे सायंटिफिक दुकानदार. काचसामान, टिप्स, शेकर, वॉटर बाथ, इनक्युबेटर यांसाठी उत्तम, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा करू नये. चौथे स्वतंत्र मेकॅनिक, यांतले बरेच जण कंपन्यांतून बाहेर पडलेले. सेंट्रिफ्यूजचे कार्बन ब्रश, ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) जळलेला हीटर, लॅमिनारची (गाळलेल्या हवेच्या कपाटाची) मोटर, इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट ही कामं त्यांच्याइतकी स्वस्तात आणि लवकर कुणी करत नाही. ऑटोक्लेव्हचा हीटर पुन्हा पुन्हा जळत असेल तर मेकॅनिकला दोष देण्याआधी बोअरवेलचं पाणी बंद करा, क्षाराचा थर चढला की कॉइल आतल्या आत तापून तुटते. पण रिअल टाइम पीसीआरच्या ऑप्टिक्सला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाला, स्वतंत्र मेकॅनिकचा हात लागू देऊ नये. सर्व्हिस मोडचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो आणि उघडलेलं यंत्र कंपनी पुन्हा करारात घ्यायला कुरकुरते.

वितरक खरा किती, हे कागदावरून कळतं. ऑथोरायझेशन लेटर सगळेच दाखवतात. त्यात चार गोष्टी बघा: प्रदेश म्हणून विदर्भ किंवा महाराष्ट्र लिहिलंय का, मुदत कधी संपते, कोणती मॉडेलं येतात, आणि अधिकार फक्त विक्रीचा आहे की सर्व्हिसचाही. चौथ्या मुद्द्यावर निम्मी पत्रं गळतात. त्यानंतर इंजिनिअरचं ट्रेनिंग सर्टिफिकेट मागा, त्यावर मॉडेलचं नाव आणि वर्ष हवं. ब्रँडचं सर्टिफिकेट पुरत नाही. यंत्र रुग्णांच्या तपासणीसाठी असेल तर वितरकाकडे वैद्यकीय उपकरणं विकण्याची एमडी-४२ नोंदणी आहे का हेही विचारा. ती २०२२ च्या दुरुस्तीनंतर आली आणि राज्याचा परवाना अधिकारी देतो. निव्वळ संशोधनाच्या यंत्राला ती लागत नाही. मात्र डब्यावर ‘रिसर्च यूज ओन्ली’ छापलेलं किट रुग्णाच्या रिपोर्टसाठी गळ्यात मारलं जातं, तिथे डोळे उघडे ठेवावेत.

एजन्सी बदलली की जुन्या यंत्रांना कुणी वाली उरत नाही. नवा वितरक म्हणतो हे आम्ही विकलेलं नाही, जुना म्हणतो आता आमच्याकडे ब्रँड नाही. यावर उपाय खरेदीच्या वेळीच करता येतो. प्रिन्सिपलच्या लेटरहेडवर दोन वाक्यं घ्या: वितरक बदलला तरी या सीरियल नंबरच्या यंत्राची वॉरंटी आणि सीएमसी (सुट्या भागांसह देखभालीचा करार) आम्ही पाळू, आणि मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सुटे भाग देऊ. जी कंपनी हे द्यायला नाखूश असते तिचं कोटेशन कितीही खाली आलं तरी आमच्या लेखी ते महागच.

आता इन्स्टॉलेशन. नागपुरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि त्याचं मूळ मार्च एंडिंगमध्ये आहे. खोका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरतो. खोलीत एसी बसलेला नसतो, पॉइंट काढलेला नसतो, पण “सर, एवढी सही करून द्या, बिल अडलंय” म्हणत इन्स्टॉलेशन रिपोर्ट पुढे सरकवला जातो. ती सही झाली की वॉरंटीचं घड्याळ सुरू. यंत्र चालू होतं जूनमध्ये आणि वॉरंटी संपते पुढच्या मार्चमध्ये. पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा की वॉरंटी ही यशस्वी इन्स्टॉलेशन आणि वापरणाऱ्यांच्या ट्रेनिंगच्या तारखेपासून धरली जाईल, माल पोचल्याच्या तारखेपासून नाही. माल आला तर चलनावर ‘खोके न उघडता मिळाले’ एवढंच लिहून सही करा. बिल अडत असेल तर पेमेंटचे टप्पे पाडा, रिपोर्टवर खोटी तारीख घालू नका.

चांगल्या वितरकाची पहिली खूण म्हणजे यंत्र येण्याआधी त्याचा माणूस मल्टीमीटर घेऊन येतो. सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फार तर दहा टक्के वर-खाली, आणि न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत. दुसरा आकडा इथे महत्त्वाचा. नागपूरची बरीचशी जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थचा रोध चढतो. जानेवारीत दीड व्होल्ट दाखवणारं सॉकेट मे महिन्यात सहा-आठ व्होल्ट दाखवू शकतं. मग पीसीआर मध्येच रीसेट होतो, तराजूचे आकडे नाचतात, कॉम्प्युटर आणि यंत्र यांचं कनेक्शन तुटतं. इंजिनिअर बोर्ड बदलतो, दोन आठवड्यांनी तोच एरर परत. खड्ड्यात पाणी घालत राहणं किंवा केमिकल अर्थिंग करून घेणं हा त्यावरचा इलाज. हे रीडिंग दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. बोर्ड जळाला की सर्व्हिस रिपोर्टवर ‘पॉवर फॉल्ट’ लिहून वॉरंटी नाकारली जाते, त्या वेळी तुमच्या बाजूने बोलणारी वहीच असते.

उणे ८० चा डीप फ्रीझर हा तर नागपूरच्या वितरकाचा खरा कस. बहुतेक मॉडेलं ३० ते ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. इथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता, आणि मे अखेरीच्या नवतप्यात ४५ ही बातमीसुद्धा होत नाही. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटतं, एसी बंद होतो, शनिवार-रविवार खोली तापत राहते. फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर साखळीने चालतात. पहिला दुसऱ्याचं कंडेन्सर थंड करतो. खोली ३८ वर गेली आणि जाळीवर धूळ बसलेली असली की पहिल्याला उष्णता बाहेर फेकता येत नाही, तो न थांबता चालतो, तेल पातळ होतं आणि शेवटी ओव्हरलोड रिले सुटतो. आतलं तापमान सोमवारी सकाळी उणे ४०. इंजिनिअर येऊन ‘गॅस कमी’ म्हणतो. तसं असेलही, पण आधी जाळी धुतली का, मागे पंधरा सेंटिमीटर जागा आहे का, दाराच्या गॅस्केटवर बर्फ साचून फट राहिली आहे का, हे बघितल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका. नव्या फ्रीझरमध्ये प्रोपेन आणि इथेन असतो, दोन्ही ज्वलनशील, भरण्याचं वजन ग्रॅमवर ठरलेलं. घरच्या फ्रिजचा मेकॅनिक बोलावून हे काम करून घेणं सरळ धोक्याचं आहे. वितरकाला विचारायचा प्रश्न एकच: हा गॅस आणि व्हॅक्यूम पंप तुमच्या नागपूरच्या ऑफिसात आहे का? ‘मागवून घेऊ’ असं उत्तर आलं तर फ्रीझरमधले नमुने तोवर कुठे ठेवायचे तेही त्यालाच विचारा.

फ्रीझरला छोटा यूपीएस देऊ नये. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कित्येक पटींनी उसळतो आणि यूपीएस ट्रिप होतो. सर्वो स्टॅबिलायझर आणि तीन ते पाच मिनिटांचा डिले टायमर, मागे जनरेटर, ही जोडणी टिकते. वीज गेली-आली-गेली अशी लुकलुकते तेव्हा कॉम्प्रेसर वाचवतो तो हाच टायमर, आणि नेमका तोच कोटेशनमध्ये ‘पर्यायी’ म्हणून खाली लिहिलेला असतो.

आणि कूलर. एसी बंद पडला की लॅबमध्ये कूलर लावायचा हा खास आपला शहाणपणा. माणसाला बरं वाटतं, यंत्राला नाही. ओली हवा आणि पाण्यातले क्षार आत जातात. एफटीआयआरमधला (अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रातला) पोटॅशियम ब्रोमाइडचा भाग ओल धरून धुरकट होतो आणि तो बदलायचा खर्च दोन एसींपेक्षा जास्त. कूलरमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि याबाबतीत कंपनीचं बरोबर आहे.

पिपेट कॅलिब्रेशन ही सेवा शहरात सहज मिळते आणि सहज फसवतेही. सर्टिफिकेटवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह असलं तरी स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत, तुमच्या पिपेटचा व्हॉल्यूम आहे का ते बघा. आयएसओ ८६५५ प्रमाणे तीन व्हॉल्यूमला प्रत्येकी दहा वजनं घ्यायची असतात: पूर्ण, निम्मं आणि दहा टक्के. १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला पूर्ण व्हॉल्यूमवर ८ मायक्रोलिटरपर्यंत चूक चालते, १० मायक्रोलिटरच्या पिपेटला फक्त ०.१२. त्या छोट्या पिपेटसाठी सहा अंकी तराजू लागतो. बॅगेत चार अंकी तराजू घालून येणारा माणूस तिथे अंदाज बांधतो आणि सर्टिफिकेट छापतो. त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात दुपारी ती इतकी कोरडी असते की थेंब तराजूवर असतानाच उडत राहतो. बाष्पसापळा (तराजूभोवती ओलावा टिकवणारं भांडं) नसेल तर वजन कमी येतं, पिपेट कमी सोडते असं वाटतं, माणूस स्क्रू फिरवून ती वर नेतो. ऑगस्टमध्ये तीच पिपेट जास्त सोडू लागते आणि दोष टिप्सना दिला जातो. कॅलिब्रेशन उन्हाळ्यातच करायचं झालं तर खोलीचं तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब सर्टिफिकेटवर छापलेला हवा. आर्द्रतेच्या रकान्यात दर वेळी तोच आकडा दिसला तर तो मोजलेला नसतो. सेन्सर कसा फसवतो याचा दाखला शहराने पाहिलेलाच आहे: मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं.

पीएम व्हिजिट (बिघाड टाळण्यासाठीची नियमित तपासणी) म्हणजे काय, यावर वितरकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काहींची पीएम म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं आणि सही. रिअल टाइम पीसीआरची खरी पीएम अर्धा दिवस खाते. ब्लॉकचं तापमान वेगळ्या प्रोबने अनेक विहिरींमध्ये, म्हणजे नमुन्याच्या खळग्यांमध्ये, तपासणं, ऑप्टिक्सची सफाई, बॅकग्राउंड प्लेट, मग फॅम, विक, रॉक्स अशा एकेका रंगाच्या प्लेट. या डाय प्लेट फ्रीझरमध्ये ठेवायच्या असतात, त्यांना मुदत असते आणि त्या स्वस्त नसतात. कुणी आणायच्या, यावरूनच व्हिजिट वाया जाते: इंजिनिअर म्हणतो तुम्ही मागवलेल्या असतील, लॅब म्हणते करारात आहे. सीएमसीच्या कागदावर ‘कॅलिब्रेशन प्लेटसह’ हे दोन शब्द घालून घ्या. प्लेट लावण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बुडबुडे काढलेत का ते स्वतः बघा, एक बुडबुडा त्या विहिरीचं कॅलिब्रेशन वर्षभर बिघडवून ठेवतो. बायोसेफ्टी कॅबिनेटचं (जंतूंवर काम करायच्या कपाटाचं) तसंच. हवेचा वेग मोजून निघून जाणारा माणूस अर्धंच काम करतो. हेपा (सूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरची गळती एरोसोल सोडून, फिल्टरच्या पूर्ण पृष्ठभागावरून आणि कडेकडेने प्रोब फिरवून तपासावी लागते, आणि कॅबिनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं तरी पुन्हा करावी लागते. ही गळती मोजणारा फोटोमीटर स्वतःचा असलेला सर्व्हिसवाला शोधा. भाड्याने आणणारे घाईत असतात.

पैशांचं बोलायचं तर एएमसीत फक्त मजुरी, सीएमसीत सुटे भागही. समजा २० लाखांच्या यंत्राला ६ टक्के सीएमसी, म्हणजे १ लाख २० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १ लाख ४१ हजार ६००. पाच वर्षांचे ७ लाख ८ हजार. खरेदीच्या वेळी हा आकडा गोठवून घेतला नाही तर वॉरंटी संपल्यावर वितरक म्हणेल तो दर. आणि अपवादांची यादी वाचा: दिवे, लेझर, हेपा, बॅटरी, कॉम्प्युटर, काचेचे भाग, शिवाय उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. हे सगळं वगळलं की सीएमसीत पंखा आणि बोर्ड उरतो. एचपीएलसीच्या (द्रवातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) करारात ड्युटेरियमचा दिवा, पंपाचे सील आणि चेक व्हॉल्व्ह वर्षाला एक संच तरी असायला हवा, कारण जातं ते नेमकं हेच. बफर (क्षारांचं द्रावण) पंपात तसाच ठेवून सुटीवर गेल्यावर मीठ साचून सील फाटलं तर तो दोष आपला, वितरकाचा नाही.

करारात ९५ टक्के अपटाइम, म्हणजे यंत्र चालू राहण्याची हमी, छापलेलं असतं. ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ वर्षात १८ दिवस यंत्र बंद असलं तरी करार पाळला गेला. ९८ टक्के मागा, म्हणजे ७ दिवस. आणि बंद काळ मोजायचा तो कॉल टाकल्याच्या वेळेपासून, इंजिनिअर आल्यापासून नाही. कॉल फोनवर नको, मेलवर, एररचा फोटो आणि सीरियल नंबर लावून. व्हॉट्सॲपवरचं ‘पाहतो सर’ कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही.

स्पेअरसाठी वितरकाच्या ऑफिसात एकदा प्रत्यक्ष जाऊन कपाट बघा. फ्यूज, ओ-रिंग, गॅस्केट, पंप सील, दिवे, बेल्ट इतकं तरी नागपुरात हवं. परदेशातून यायचा बोर्ड तीन-चार आठवडे सहज घेतो, त्यासाठी स्टँडबाय यंत्र देणारा वितरक मिळाला तर दोन टक्के जास्त द्यायला हरकत नाही.

एन्झाइम आणि किटच्या पुरवठ्यात एकच पथ्य: मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या गोदामातून माल सोमवारी-मंगळवारी निघाला पाहिजे. गुरुवारी निघालेला डबा शुक्रवारी चुकला तर शनिवार-रविवार कुरिअरच्या शेडमध्ये पडतो, आणि साध्या थर्माकोलमधला ड्राय आइस दिवसाला दोन-तीन किलोने उडतो. पाच किलो घातला असेल तर सोमवारी आत फक्त हवा. डबा उघडून बर्फ शिल्लक आहे का पाहूनच चलनावर सही करा, नसेल तर तिथेच लिहा आणि फोटो काढा. चांगले वितरक उन्हाळ्यात डेटा लॉगर घालतात. मागितल्यावर बहुतेक जण घालतात, न मागता मोजकेच.

एक जुगाड मात्र इथे जमतो आणि फार कुणी करत नाही. अमरावती रोडच्या तीन-चार लॅबमध्ये एकाच ब्रँडची यंत्रं असतील तर पीएमच्या तारखा जुळवून घ्या. बाहेरगावच्या इंजिनिअरचा प्रवासखर्च वाटला जातो आणि एका कॉलसाठी तो हलत नाही ही अडचणही सुटते. वर्षाला दोन पीएम असतील तर पहिली फेब्रुवारी अखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत लावा, एसी आणि फ्रीझरच्या जाळ्या, अर्थिंग, स्टॅबिलायझर सगळं ऊन चढायच्या आत बघून होतं. दुसरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. वितरक आपणहून मे आणि नोव्हेंबर सुचवेल, कारण एप्रिलपर्यंत त्याची माणसं मार्चच्या इन्स्टॉलेशनमध्ये अडकलेली असतात. तारखा करारातच लिहून घ्या.